तुला काय आता, अडचण नाही!

पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेल्या बाईचा घराला फार उपयोग असतो. कुणी तोंडावर तसं म्हणत नाही, पण बघा तुम्ही. सत्यनारायण घातलाय, बोलवा तिला. गौरीचा नैवेद्य सोवळ्यात करायचाय, तिला सांगा. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचंय, परडी भरायचीय, बाकीच्या सगळ्याजणी तारखा मोजत बसल्यात, कुणी गोळी घेऊन पुढं ढकलुलेत, पण हिला काय, ही कधीपण तयार. "तुला काय आता, अडचण नाही!" हे वाक्य मी ऑपरेशन झाल्यापासून जाऊबाई, शेजारच्या काकू, पतसंस्थेतल्या मैत्रिणी, माहेरची आत्ती, सगळ्यांकडून ऐकलंय आणि वाईट मनानं नाही हो म्हणत, उलट थोडा हेवाच असतो त्यात.

आणि मी त्यावेळी कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून, वरून साडी नेसून पोळ्या लाटत असते.

तर सांगायचं म्हणजे मला एंडोमेट्रिओसिस आहे. होता असं नाही, आहे. गर्भाशय गेलं, पाळी गेली, आजार राहिला. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण आपल्याकडं बेळगाव भागात, शहापूर घ्या वडगाव घ्या खानापूर घ्या, बायका या विषयावर एकमेकींशी पण कुजबुजूनच बोलतात आणि जे काय बोलतात ते सगळं "काढून टाक गे, सुटशील" इथं येऊन थांबतं. मी काढून टाकलं. अर्धी सुटले. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिते.

आधीचं थोडक्यात. नववीत असल्यापासून पाळीत मी आडवी पडायचे, शाळा बुडायची, आई ओवा-गूळ द्यायची आणि म्हणायची लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, मग मूल झालं की थांबेल. मुलगी झाली, ती शाळेला जायला लागली, थांबलं काही नाही, उलट अंगावरून इतकं जायला लागलं की हिमोग्लोबिन सातवर आलं आणि पतसंस्थेच्या काउंटरवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. तेव्हा कुठं नीट सोनोग्राफी झाली. गर्भाशय सुजलेलं, म्हणजे अॅडिनोमायोसिस, आणि उजव्या ओव्हरीवर, म्हणजे अंडाशयावर, चॉकलेट सिस्ट, ही एंडोमेट्रिओसिसचीच गाठ. (हे नाव १९२१ पासूनचं आहे, सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं या गाठींवर लिहिलं तेव्हापासून. आत जुनं साकळलेलं रक्त असतं, घट्ट तपकिरी, म्हणून चॉकलेट. कुणाला काय सुचेल सांगता येत नाही, मला त्यानंतर कितीतरी दिवस चॉकलेट खावंसं वाटलं नाही.)

डॉक्टर म्हणाले मूल झालेलं आहे, वय चाळिशीकडं आलंय, काढून टाकू, विषय संपला. घरी सासूबाईंनी तर एका वाक्यात निकाल दिला, "मी पण काढलो की गे, तुझ्यापेक्षा लहान होतो, काय झालं मला? दोन महिन्यांत शेतात गेलो!" झालं मग.

इथं एक गोष्ट स्वच्छ सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल की बघा, काढायलाच नको होतं. तसं माझं म्हणणं अजिबात नाही. अॅडिनोमायोसिस हा गर्भाशयाच्या स्नायूतच असतो, गर्भाशय गेलं की तो गेला. माझं ते रक्त जाणं, ते अॅनिमिक होऊन भिंत धरून चालणं, सगळं थांबलं. पहिलं वर्ष तर मी अशी फिरत होते की बघणाऱ्याला वाटावं हिला लॉटरी लागली. पांढरा ड्रेस शिवला. गोव्याला जाऊन आलो.

मग एकदा पावसाळ्यात, शौचाला बसले तर आत इतकं दुखलं की घाम फुटला. वाटलं पोट बिघडलंय. चार-पाच दिवसांनी आपोआप बरं झालं. पुढच्या महिन्यात परत. मग डाव्या बाजूला खाली ओढ लागायची ती मांडीपर्यंत उतरायची, लघवी झाली तरी परत लागल्यासारखं वाटायचं, आणि कंबर तर विचारू नका. ही सगळी दुखणी मला ओळखीची होती, नववीपासूनची ओळख आहे आमची, फक्त आता बरोबर रक्त नव्हतं.

आणि रक्त नाही म्हटल्यावर कुणी मानायलाच तयार नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. पाळी येत होती तोवर निदान एक होतं, चार दिवस घरात सगळ्यांना कळायचं की हिचं दुखतंय. देवघरात जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही हे सगळं मला कधीच पटलं नाही, मी त्यावरून भांडलेय पण, पण त्या निमित्तानं का होईना, पडून राहायला मिळायचं, कुणी कारण विचारायचं नाही. आता दुखणं तेच आणि सुट्टी बंद. उलट सगळ्या सोवळ्या-ओवळ्याची कामं माझ्याकडं. पतसंस्थेत मॅनेजरना सांगायचं काय? आधी बायका बायकांत "तिला बरं नाही" एवढ्यावर भागायचं. आता म्हटलं तर समोरून प्रश्न येतो, "तुमचं ते ऑपरेशन झालंय ना?"

दवाखान्यात पण तेच. एकीकडं गॅसेस म्हणाले. एकीकडं मणक्याचा एक्सरे काढायला लावला. एका ठिकाणी सिस्टरनं माझं सगळं ऐकून घेतलं, पाळीसारखं दुखतं, महिन्याच्या महिन्याला दुखतं, शौचाला दुखतं, आणि डॉक्टरांना आत जाऊन काय सांगितलं तर "होट्टे नोवु". पोटदुखी! मी बाहेर बाकड्यावर बसून ऐकते आहे. तिचा दोष नाही, तिला पण दिवसाला शंभर पेशंट, पण एवढं सगळं सांगून शेवटी दोन शब्द आत गेले.

मग मी एक केलं. कालनिर्णयवर पूर्वी पाळीच्या तारखेला पेननं ठिपका द्यायची सवय होती, ती परत सुरू केली. दुखलं की ठिपका. जास्त दुखलं की दोन. शौचाला दुखलं की शेजारी फुली. काही महिन्यांनी कॅलेंडरची पानं उलटून बघितली तर ठिपके सगळे पुंजक्यानं, मध्ये जवळपास तेवढंच अंतर. माझी डावी ओव्हरी ठेवली होती ना, ती तिच्या पद्धतीनं महिना मोजतच होती. तिला कोण सांगणार की आता मोजायचं कारण संपलंय.

आता हा आजार राहतो कसा ते सांगते, मला समजलं तसं. गर्भाशयाच्या आतलं जे अस्तर असतं त्याच्यासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात, हा एंडोमेट्रिओसिस. बाहेर म्हणजे ओव्हरीवर, नळ्यांवर, गर्भाशयाच्या मागच्या खाचेत, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर, काही जणींना तर पार वर श्वासपटलावर. इस्ट्रोजेन, म्हणजे ओव्हरीत तयार होणारं हॉर्मोन, मिळालं की त्या फुगतात, रक्ताळतात, पण ते रक्त बाहेर यायला वाटच नाही, मग तिथंच सूज, मग व्रण, मग एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. म्हणजे आजाराची व्याख्याच "गर्भाशयाच्या बाहेर" अशी आहे आणि उपाय म्हणून आपण काढतो काय, तर गर्भाशय! कौलं बदलली म्हणून भिंतीत मुरलेली ओल जात नाही, बेळगावच्या पावसात ज्यांनी जुन्या घरात दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको. ऑपरेशनच्या वेळी बाहेरचे ते डाग, गाठी शोधून मुळासकट कापून काढल्या तर फरक पडतो. नुसतं गर्भाशय काढून पोट शिवलं तर त्या तिथंच राहतात. आणि राहिल्या की त्यांना खाऊ घालायला ओव्हरी आहेच.

मग ओव्हरीपण का नाही काढली, असं लगेच मनात येतं. माझ्यापण आलं. १९९५ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी एंडोमेट्रिओसिससाठी गर्भाशय काढलेल्या १३८ बायकांचं बघितलं होतं. ज्यांची ओव्हरी ठेवली होती त्यांच्यात १०० तल्या ६२ जणींना परत दुखायला लागलं, दोन्ही काढलेल्यांत १० जणींना. आकडा बघून मी तर हादरले. पण त्यात ओव्हरी ठेवलेल्या बायका मोजून २९ होत्या, तेव्हा त्यावरून फार मोठी गणितं मांडू नयेत, आणि दुसरी बाजू अशी की पंचेचाळीसच्या आत दोन्ही ओव्हरी काढल्या तर एका रात्रीत मेनोपॉज, हाडं ठिसूळ व्हायचा धोका वाढतो, हृदयाचा वाढतो. आणि दोन्ही काढलेल्या त्या १० जणींना पण दुखलंच की. चरबीतून थोडं इस्ट्रोजेन तयार होतं, त्या गाठी स्वतःपण थोडं बनवतात. शिवाय वर्षानुवर्षं दुखून दुखून नसा इतक्या हळव्या झालेल्या असतात की आग विझली तरी त्या ओरडत राहतात. त्यामुळं माझी डावी ओव्हरी ठेवली हे चुकलं असं मी म्हणणार नाही. चिडचिड आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

माझ्या पोटात नेमकं काय काढलं आणि काय ठेवलं हे मला कितीतरी महिने माहीतच नव्हतं! संमतीचा फॉर्म इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता. मी बाजारात कन्नड बोलते, बसमध्ये भांडते पण कन्नडमध्ये, पण दवाखान्याच्या कागदावरचं कन्नड मला वाचून समजत नाही आणि इंग्रजी समजलं तरी ऑपरेशनच्या आदल्या रात्री कोण वाचतंय. आमच्या ह्यांनी सही केली, मी सही केली. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल, पण बाईच्या पोटातलं काय काढणार हे तिला तिच्या भाषेत कुणीतरी तोंडी तरी सांगावं, त्याला कुठल्या कोर्टाचा निकाल लागत नाही. पुढं मी फाईल मागून घेतली. डिस्चार्ज समरीत एका ओळीत होतं की गर्भाशय, ग्रीवा म्हणजे गर्भाशयाचं तोंड, दोन्ही नळ्या आणि उजवी ओव्हरी काढली, डावी ठेवली, आणि त्याच्याखाली अजून एक ओळ होती, गर्भाशयाच्या मागं आतडं चिकटलेलं दिसलं. दिसलं. एवढंच. पुढं काय केलं त्याबद्दल काही नाही.

म्हणून जिला कुणाला हे ऑपरेशन सांगितलंय, किंवा झालंय, तिनं तीन कागद घ्याच. डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट्स, आणि काढलेलं जे लॅबला पाठवतात त्याचा रिपोर्ट. प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा.

ती फाईल घेऊन मी मिरजेला गेले. आपल्याकडची माणसं पिढ्यान्पिढ्या मिरजेला जातात दवाखान्याला, माझी आजीपण गेलेली. बेळगावात डॉक्टर नाहीत असं नाही, भरपूर आहेत, चांगले आहेत, पण मला कुणीतरी नवीन डोळ्यांनी बघायला हवं होतं. आधार कार्ड दाखवून चिकोडीपर्यंत शक्ती योजनेत, म्हणजे कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे त्यात, फुकट आणि पुढं महाराष्ट्रात शिरायचं तर तिकीट काढून, असा प्रवास. खड्डा आला की मी सीटवरून अर्धी उठायचे, शेजारच्या अज्जीला वाटलं मूळव्याध आहे, तिनं मला ताक प्यायला सांगितलं. सांगू दे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडरचे फोटो बघितले, खरंच बघितले, मोबाईल झूम करून. आतून तपासताना एका ठिकाणी बोट टेकलं आणि मी ओरडले, त्या म्हणाल्या हं, हेच ना. मग एमआरआय. गर्भाशय होतं त्या जागेच्या मागं, योनी आणि गुदाशयाच्या मध्ये एक खोल गाठ, आणि डावी ओव्हरी आतड्याला चिकटलेली. आधीच्या साध्या सोनोग्राफीत यातलं काही आलं नव्हतं आणि त्यात नवल नाही, खोल गाठी त्या नजरेनं शोधल्या नाहीत तर साध्या सोनोग्राफीत सुटतात आणि वरवरचे बारीक डाग तर एमआरआयमध्येपण सुटतात. "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ "दुखत नाही" असा होत नाही, हे वाक्य मला तिथं कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं आणि मी तिथंच रडले, डॉक्टरीणबाई पेपर नॅपकिन शोधायला लागल्या.

औषध म्हणून डायनोजेस्ट सुरू झालं, २ मिलिग्रॅम, रोज रात्री एक. ओव्हरीला जरा झोपवतं आणि त्या गाठींना दाबून ठेवतं. गाठ जाते असं नाही. ज्यांचं गर्भाशय आहे त्यांना याच्यावर मधूनमधून डाग दिसतात, मला तो प्रश्नच नाही, एवढा एक फायदा! पण पहिले दोन-तीन महिने माझा मूड इतका खराब असायचा की मुलगी माझ्या खोलीत यायच्या आधी बाबांना विचारायची. डोकं दुखायचं, वजन वाढलं. मग बसलं हळूहळू. आता ठिपके आहेत पण एकेरी, फुल्या कमी झाल्यात. आधी मेफ्टाल, दुखण्यावरची गोळी, शेंगदाण्यासारखी खायचे, ती आता क्वचित.

आणि फिजिओथेरपी. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं दुखतं म्हणून बाई खालचे स्नायू आवळून धरते, झोपेत पण, आणि मग ते सैल सोडायचं विसरूनच जातात, मग तेच वेगळे दुखायला लागतात. ते सोडायला शिकवणारी फिजिओ असते. बेळगावात शोधून काढली. पहिल्या दिवशी ती म्हणाली पोटानं श्वास घ्या, मी म्हटलं एवढे पैसे देऊन श्वास घ्यायला शिकू? पण खरं सांगते, गोळीएवढाच फरक त्यानं पडला. नवरा-बायकोतल्या संबंधाचं पण इथंच लिहिते, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही. दुखायचं. गर्भाशय काढल्यावर दुखणार नाही असं दोघांनाही वाटलेलं, आणि तरी दुखलं, आणि मग आमचे हे समजले की मला नकोच आहे. आम्ही एका घरात राहून बरेच महिने भाडेकरूंसारखे वागलो. एमआरआयची गाठ नेमकी कुठं आहे ते डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता बरं आहे, सावकाशीनं, कॅलेंडर बघून. बास, पुढचं तुम्हाला कशाला.

माझ्या निपाणीच्या मामेबहिणीचं वेगळंच. तिचं गर्भाशय आणि दोन्ही ओव्हरी, सगळंच काढलं, एंडोमेट्रिओसिससाठीच. मग अंगाची आग, रात्री दोनला उठून फरशीवर झोपणं, चिडणं. तिला इस्ट्रोजेनची गोळी दिली, एकटी. साधारणपणे गर्भाशय नसलेल्या बाईला इस्ट्रोजेन एकटं चालतं, कारण त्याच्या जोडीला दुसरं हॉर्मोन, प्रोजेस्टेरॉन, देतात ते अस्तराला जपायला आणि अस्तरच नाही. पण एंडोमेट्रिओसिसवालीच्या पोटात तसल्या पेशी कुठंतरी शिल्लक असू शकतात ना, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन म्हणजे खतच. युरोपातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं, ईश्री म्हणतात तिला, २०२२ मध्ये ज्या गाइडलाइन काढल्या त्यात अशा बायकांसाठी दोन्ही हॉर्मोन एकत्र आणि सलग द्यावेत, नाहीतर टिबोलोन नावाचं औषध, आणि एकटं इस्ट्रोजेन टाळावं असं आहे. हॉर्मोन घेऊच नका असं त्यात नाही, उलट नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत तरी घ्या असंच आहे, हाडांसाठी. मी तिला म्हटलं डॉक्टरांना एवढंच विचार, मला आधी एंडोमेट्रिओसिस होता तर ही एकटी गोळी चालेल का? त्यांनी लगेच बदलून दिली, काही वाद नाही, काही नाही. तिच्या केसपेपरवर एंडोमेट्रिओसिस हा शब्द होता पण दुसऱ्या दवाखान्याच्या.

खाण्याचं सगळेच विचारतात. गहू सोडा, दूध सोडा, कुंदा सोडा. गहू कमी केला कारण ज्वारीच्या भाकरीनं माझं पोट साफ होतं, आणि आतड्याच्या मागं गाठ असलेल्या बाईला बद्धकोष्ठ परवडत नाही, इतकं ते साधं आहे. कुंदा सोडलेला नाही. बेळगावात राहून कुंदा सोडून जगायचं तर मग इलाज कशासाठी चाललाय?

आता एक जरा मोठं बोलते, मग आवरते. आपल्या भागात ऊसतोडीला बीडकडनं टोळ्या येतात, चिकोडी-अथणी-निपाणी पट्ट्यात. २०१९ मध्ये त्या बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या जातात ते बाहेर आलं, सगळ्या पेपरात होतं. काम बुडू नये म्हणून, कुणीतरी कॅन्सरची भीती घातली म्हणून. सुप्रीम कोर्टानंपण एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की गरज नसताना गर्भाशय काढणं थांबवायच्या गाइडलाइन लागू करा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागं ३ जणींचं गर्भाशय काढलेलं आहे. हे सगळं वाचलं की माझ्यासारखीची पंचाईत होते. एका बाजूला "उगाच काढतात" म्हणणारे, ते खरं. दुसऱ्या बाजूला मी, जिला काढायची खरोखर गरज होती आणि काढून पण भागलं नाही. दोन्हीकडं चूक एकच होते असं मला वाटतं, काढायच्या आधी आजार कुठं आहे ते कुणी नीट शोधत नाही. जगात बाळंतपणाच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना एंडोमेट्रिओसिस आहे असं डब्ल्यूएचओ म्हणते, म्हणजे १९ कोटी. आमच्या गल्लीत तरी मी एकटी कशी असेन? पण बाकीच्यांना "हिचं पाळीत जरा जास्तच असतं" यापलीकडं नाव नाही.

घरात आता थोडं बदललंय. ते कॅलेंडर मी स्वयंपाकघरात लावलं, मुद्दाम. यंदा गौरीच्या नैवेद्याच्या दिवशी ठिपका येणार हे आधीच दिसत होतं. जाऊबाईंनीच बघितलं, म्हणाल्या, "हे काय गे, तुझं त्या दिवशी असणार की." मी म्हटलं असणार. पुरण त्यांनी घातलं. सासूबाई मात्र अजून म्हणतात की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मग परवा भाजी निवडता निवडता त्यांनीच सांगितलं की पिशवी काढल्यावर त्यांचीपण डावी मांडी वर्षानुवर्षं दुखायची, महिन्यातनं काही दिवस, त्या वाताचं तेल लावायच्या. मी काही बोलले नाही. आता पंचाहत्तरीला पोचलेल्या बाईला कशाला एमआरआय.

राहिलं दुसरं ऑपरेशन. ती गाठ कापून काढायची, ओव्हरी सोडवायची किंवा काढायची, आतड्याचा सर्जन बरोबर हवा, लघवीच्या नळीला इजा व्हायचा धोका आहे, कदाचित काही दिवस पिशवी लावावी लागेल शौचाची. मला आत्ता त्रेचाळिसावं. आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७ ला जाते, म्हणजे ओव्हरी तीन-चार वर्षांत स्वतःच थकेल असा माझा हिशोब, डॉक्टरीणबाई म्हणाल्या हिशोब ठीक आहे पण गॅरंटी नाही, मेनोपॉजनंतर पण काहीजणींना राहतं. तरी मी सध्या नको म्हटलंय. डायनोजेस्ट, व्यायाम, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन, हाडांची डेक्सा तपासणी, एवढ्यावर दिवस चाललेत आणि बरे चाललेत.

एकच अट घातलीय त्यांनी, सहा महिन्यांनी किडनीची सोनोग्राफी. या खोल गाठी लघवीच्या नळीला वेढल्या तर किडनीत लघवी तुंबते आणि बऱ्याचदा ती काही दुखत नाही, गुपचूप किडनी निकामी होऊ शकते. तसं काही दिसलं तर मग विचार करत बसायचं नाही, सरळ ऑपरेशन. ही सोनोग्राफी इथंच बेळगावात होते, तासाभराचं काम, त्यासाठी मिरज लागत नाही. तुमचं गर्भाशय एंडोमेट्रिओसिससाठी काढलेलं असेल आणि परत दुखत असेल तर डॉक्टरांना ही एक तपासणी विचारा, आणि लघवीतून किंवा शौचातून रक्त दिसलं, किंवा गर्भाशय नसताना अंगावरून परत लाल गेलं, तर शेजारच्या काकूंना न विचारता त्याच दिवशी जा.